आज वार कोणता? : मेंदूच्या इजेनंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा इतिहास

डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस डोळे उघडतो, तेव्हा त्याच्याशी होणारे पहिले संभाषण बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचे असते. तुमचे नाव काय? आपण आत्ता कोठे आहोत? आज वार कोणता, महिना कोणता, साल कोणते? उत्तरे बरोबर आली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो आणि रुग्णाच्या कागदावर एक आकडा चढतो. हे प्रश्न इतके साधे दिसतात, की त्यांनाही इतिहास असेल, ते कोणी तरी कोठे तरी, विशिष्ट माणसे डोळ्यांसमोर ठेवून रचले असतील, हे आपल्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेखात हा इतिहास थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आणि तो मांडताना रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील चौक हे गाव आम्ही नजरेसमोर ठेवणार आहोत. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की माणूस कितपत सावरला हे बव्हंशी भाषेतूनच पाहिले जाते. गोष्ट ऐकवून ती परत सांगायला लावणे, एका अक्षराचे शब्द आठवायला सांगणे, म्हणीचा अर्थ विचारणे, ही या परीक्षेची साधने आहेत. ही भाषा कोणाची, हा प्रश्न आपल्याच अभ्यासक्षेत्रात येतो.

पनवेल आणि खोपोली यांच्या दरम्यान, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, इर्शाळगडाच्या परिसरात चौक वसले आहे. इतिहासाच्या वाचकाला ते नेताजी पालकरांचे गाव म्हणून ठाऊक असते. परंतु गेल्या दोन शतकांत या पट्ट्याचे नशीब किल्ल्यांपेक्षा रस्त्यांनी अधिक घडवले. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० साली खुला झाला, लोहमार्ग १८६३ साली आला आणि द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. या मार्गावर जे गेले त्यांची नावे आपल्या लक्षात राहतात. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून प्रयोग करून परतणाऱ्या भक्ती बर्वे याच मार्गावर, भाताण बोगद्याजवळ गेल्या, ही हळहळ मराठी रंगभूमी विसरलेली नाही. मात्र अपघातातून जे वाचतात, चालते-बोलते होऊन घरी येतात आणि तरीही घरच्यांना ‘हा पूर्वीचा नव्हे’ असे वाटत राहते, त्यांची गणना कोठे होते? त्यांच्या शरीरावरची जखम भरून येते. लक्ष, स्मृती, विचारांचा वेग, निर्णयशक्ती, रागावरचा ताबा यांत उरलेली खोट दिसत नाही. ती विचारावीच लागते. म्हणूनच काय विचारायचे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या विचारण्याची जी पहिली गाजलेली नोंद आहे, तिचे आणि बोरघाटाचे एक विलक्षण साम्य आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लोहमार्गासाठी सुरुंग लावताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली सुमारे साडेतीन फुटांची, सहा किलो वजनाची पहार कवटी फोडून वर निघाली. गेज वाचला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी त्याची परीक्षा घेतली, ती कोणत्याही कोष्टकाविना. नदीच्या पात्रातून गोळा केलेल्या काही खड्यांसाठी हजार डॉलर देऊ केले तरी गेज ते द्यायला तयार नव्हता, अशी त्यांनी नोंद केली. पैशाचा अंदाज चुकतो आहे, हा त्यामागचा निष्कर्ष होता. १८६८ साली त्यांनी गेजची समग्र हकीगत प्रसिद्ध केली. तिचा आशय असा, की बुद्धी आणि पशुवृत्ती यांतील तोल ढळला होता आणि जुन्या सोबत्यांना हा आपला गेज वाटत नव्हता.

या ‘जुन्या सोबत्यांना’कडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हार्लोंजवळ मोजपट्टी नव्हती. पण गेजला अपघातापूर्वी ओळखणारी माणसे होती, आणि त्यांची साक्ष त्यांनी ग्राह्य धरली. पुढे दीडशे वर्षे गेज हा ‘बिघडलेल्या माणसाचा’ नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत मिरवला. माल्कम मॅकमिलन या संशोधकाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे चित्र तपासून पाहिले. गेजने पुढे चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले होते. उतारू, सामान, घोडे, वेळापत्रक आणि डोंगरी रस्ता हे सारे सांभाळण्याचे काम तोल ढळलेल्या माणसाला इतकी वर्षे कसे साधेल? म्हणजे हार्लोंची परीक्षा खरी असली तरी ती एका टप्प्यावरची होती, आणि सावरण्याची प्रक्रिया तिच्या पुढे गेली होती.

गेजच्या अपघातानंतर दहा वर्षांच्या आतच बोरघाटात तेच काम चालू होते. १८५६ ते १८६३ या काळात पंचवीस बोगदे खोदले गेले. १८६१ च्या सुमारास ४२ हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. तीच सुरुंगाची दारू, तशीच पहार, तसाच कातळ. घाटाचा इतिहास बोगदे, पूल आणि चढ यांच्या आकड्यांत लिहिला गेला. त्या मजुरांपैकी कोणाचे नाव गेजप्रमाणे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात गेले नाही. मेंदूच्या इजेचे शास्त्र ज्या माणसांवरून घडले, त्यांत आपल्याकडचा श्रमिक सुरुवातीपासून अनुपस्थित होता, एवढे येथे ध्यानात घेणे पुरेसे आहे.

विसाव्या शतकात हार्लोंच्या जागी मोजमाप आले. १९३२ साली रिची रसेल या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने डोक्याला मार लागलेल्या दोनशे रुग्णांचा अभ्यास मांडला. मार लागल्यानंतर माणसाची सलग आठवण पुन्हा सुरू व्हायला किती काळ लागतो, यावरून इजेची तीव्रता ओळखता येते, हे त्यामुळे पुढे आले. पुढच्या काळात हा विस्मरणाचा काळ एक दिवसाहून अधिक असेल तर इजा तीव्र, सात दिवसांहून अधिक असेल तर अतितीव्र, असे ढोबळ संकेत रूढ झाले. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी डोळे, वाचा आणि हालचाल या तिन्हींना गुण देणारी श्रेणी रचली. आज तीन ते पंधरा अशी तिची व्याप्ती आहे, आणि वाचेचे पुरे पाच गुण मिळवायचे तर रुग्णाला आपण कोण, कोठे आणि आज काय काळ हे सांगता यावे लागते. १९७९ साली अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन येथे हार्वे लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी शंभर गुणांची चाचणी तयार केली. ७५ हून अधिक गुण मिळाले तर भान सामान्य पातळीवर आले असे मानले जाते. तिच्यात तारीख-वारासोबत दोन प्रश्न असे आहेत: अपघातापूर्वीची शेवटची आठवण कोणती, आणि अपघातानंतरची पहिली कोणती? कथनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न परके वाटू नयेत. आत्मकथनात पडलेल्या भगदाडाचे दोन काठ कोठे आहेत, एवढेच ते विचारतात.

आता हे प्रश्न चौकात आणू. ‘आज तारीख काय?’ हा प्रश्न गृहीत धरतो, की उत्तर देणाऱ्याचे आयुष्य तारखेने चालते. नोकरदाराचे ते चालतेच. पण भातशेती करणाऱ्या म्हातारीचा काळ मिरग लागला की नाही, लावणी आटोपली की नाही, अमावास्या किती दिवसांवर आली, सप्ताह कधी बसणार, यांनी मोजला जातो. तिला तारीख सांगता आली नाही तर तो मेंदूचा दोष की प्रश्नाचा? परिसरातील ठाकूर आणि कातकरी वाड्यांचा विचार केला तर हा पेच वाढतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळलेल्या दरडीमुळे जिचे नाव महाराष्ट्राला कळले, ती इर्शाळवाडी याच परिसरातील ठाकूरवाडी होती. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९६० सालीच प्रसिद्ध केला होता. म्हणजे या समाजाच्या जीवनपद्धतीची शास्त्रीय दखल घेतली गेली नाही असे नव्हे. रुग्णालयातील प्रश्नपत्रिकेपर्यंत ती दखल पोहोचली का, हा खरा मुद्दा आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. एखादा शाळामास्तर नाव, गाव, वार, साल सारे अचूक सांगेल, पुरे गुण मिळवून घरी जाईल, आणि वर्गातल्या गोंगाटात वह्या तपासायला बसला की त्याच पानावर तासभर अडून राहील. त्याच्या शिक्षणाने त्याला सोप्या परीक्षेत तारले आणि खोट झाकली. एकच प्रश्न एकाला विनाकारण नापास करतो आणि दुसऱ्याला विनाकारण पास करतो. यातून निघणारे सूत्र आमच्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे: सावरणे म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या सरासरीपर्यंत पोहोचणे नसून, माणसाने स्वतःच्या पूर्वस्थितीकडे परत येणे होय. मग परीक्षा घेणाऱ्याला ती पूर्वस्थिती ठाऊक हवी.

ही गोष्ट ज्याला दोन्ही बाजूंनी कळली असा एक शास्त्रज्ञ म्हणजे अलेक्झांडर लुरिया. १९३१ आणि १९३२ साली तो उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळी वस्तू कोणती, असे त्याने निरक्षर शेतकऱ्यांना विचारले. ओंडका वेगळा, कारण बाकीची अवजारे, हे शाळेचे उत्तर होय. शेतकऱ्यांना ते मान्य नव्हते. करवत ओंडका कापते, कुऱ्हाड तो फोडते, मग ओंडक्याला बाहेर कसे काढायचे? अतिउत्तरेच्या बर्फाळ प्रदेशात अस्वले पांढरी असतात असे सांगून तिथल्या एका बेटावरच्या अस्वलांचा रंग विचारला, तर जे पाहिले नाही त्याविषयी आम्ही बोलत नाही, अशा अर्थाची उत्तरे आली. मोळी आणि कोयता रोज हाताळणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही माणसाने याहून वेगळे उत्तर दिले असते असे आम्हांस वाटत नाही. या अभ्यासाचे निष्कर्ष पुस्तकरूपाने यायला १९७४ साल उजाडले.

दरम्यान युद्ध आले. उरल भागातील रुग्णालयात लुरियाकडे झासेत्स्की हा तरुण सैनिक आला. १९४३ च्या मार्चमध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात गोळी शिरली होती. त्याला ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतील फरक कळेनासा झाला. शब्द तेच, षष्ठीचा प्रत्यय कोणाला लागला एवढाच भेद. पण तो भेद धरून ठेवणारी जागाच जखमी झाली होती. व्याकरण हे मेंदूत घर करून असते याचा याहून बोलका पुरावा कोणता? येथेही भाषेचा प्रश्न येतोच. आपल्याकडे वडिलांच्या भावाला ‘काका’ किंवा ‘चुलता’ हा एकच शब्द आहे. परीक्षकाने तो वापरला तर षष्ठीची परीक्षा झालीच नाही. झासेत्स्की अक्षर-अक्षर जुळवून लिहू शकत नसे. हात न उचलता झरझर लिहिले की शब्द उमटत. पंचवीस वर्षांत त्याने सुमारे तीन हजार पाने लिहिली, आणि लिहिलेले त्याला नीट वाचता येत नसे. १९७१ साली लुरियाने त्या पानांभोवती आपले पुस्तक रचले. कोणत्याही चाचणीत झासेत्स्कीची उणीव दिसली असती. रोज सकाळी उठून हरवलेले जग परत मिळवण्यासाठी लिहायला बसण्याची त्याची जिद्द कोणत्या रकान्यात बसली असती?

मराठीत हा विचार झालाच नाही असे मात्र नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली, हे काम १९३० च्या दशकातले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. बिने-कामत कसोटी म्हणून ती आजही मानसशास्त्रज्ञांच्या कपाटात असते. १९५५ साली सी. एम. भाटिया यांनी उत्तर प्रदेशात कृतिप्रधान कसोटी तयार केली आणि निरक्षर मुलांसाठी अंकांऐवजी अर्थहीन ध्वनी लक्षात ठेवायला दिले. १९९५ साली मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगड परिसरातील वृद्धांसाठी, १९७५ च्या अमेरिकन तीस गुणांच्या चाचणीचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. मूळ चाचणीत इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगायची होती. येथे आठवड्याचे वार उलट सांगायचे ठरले. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करायचे होते. येथे परीक्षकाचे पाहून डोळे मिटायचे. एक वाक्य लिहायचे होते. येथे आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायचे. ही चाचणी मुळात स्मृतिभ्रंशासाठी होती, परंतु भाषांतर म्हणजे काय याचा तो उत्तम पाठ आहे. शब्दाला शब्द न देता कृतीला समतुल्य कृती दिली गेली. २००४ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने आपली चाचणीमाला प्रसिद्ध केली. तिच्यात रोमन अक्षरांऐवजी क, प, म या वर्णांनी सुरू होणारे शब्द विचारले जातात.

तरीही मराठीपुरते काही प्रश्न उरतात, आणि ते भाषेच्या अभ्यासकांनीच सोडवायचे आहेत. ‘क’चे शब्द सांगा म्हटल्यावर ‘काठी’, ‘किल्ली’, ‘कुदळ’ चालतील का? बाराखडी शिकलेल्याला ‘क’ आणि ‘का’ ही वेगळी अक्षरे वाटतात. न शिकलेला केवळ ध्वनी ऐकतो. दुसरा प्रश्न पूर्वस्थितीचा. १९८२ साली हेझल नेल्सन यांनी इंग्लंडमध्ये एक युक्ती योजली. इंग्रजीत स्पेलिंगवरून उच्चार न कळणारे पन्नास शब्द वाचायला द्यायचे. ते माहीत असल्याशिवाय बरोबर वाचता येत नाहीत, आणि असे वाचन पुष्कळदा आजारातही टिकून राहते. त्यावरून माणूस पूर्वी कसा होता याचा अंदाज बांधता येतो. देवनागरीत ही युक्ती चालत नाही. बाराखडी येणारा कोणीही न समजलेला शब्दही वाचून दाखवतो. आपल्या लिपीत लपलेला उच्चारभेद फार तर च-जसारख्या वर्णांचा: ‘चंद्र’मधला तालव्य, ‘चूल’ आणि ‘चौक’ यांतला दंत्य. एवढ्या सामग्रीवर कसोटी उभी राहत नाही. मग पूर्वस्थिती कशी जाणावी? शिक्षण, काम, आणि ओळखणाऱ्यांची साक्ष यांतूनच.

तिसरा प्रश्न म्हणींचा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ याचा अर्थ विचारून अमूर्त विचारशक्ती तपासण्याचा प्रघात रुग्णशय्येजवळ जुना आहे. पण ज्याने ती म्हण हजारदा ऐकली तो अर्थ आठवून सांगतो, विचार करून नव्हे. आणि इंग्रजी माध्यमात वाढलेला तरुण धडधाकट असूनही अंगणातच अडखळतो. शिवाय तीच परीक्षा तीन महिन्यांनी घेतली, तर वाढलेले गुण सुधारणेचे किती आणि सवयीचे किती? यासाठी समतुल्य पर्यायी गोष्टी, शब्दयाद्या आणि म्हणी लागतात. ते काम डॉक्टरांपेक्षा बोलींचा अभ्यास करणाऱ्याला अधिक चांगले साधेल.

हे सारे केवळ अभ्यासिकेतले वाद असते, तर आम्ही त्यांवर इतका भर दिला नसता. अपघातानंतरचा हा आकडा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो आणि त्यावर कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरते. १८ ऑक्टोबर २०१० रोजी राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या शक्तीची हानी या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. डावा हात गमावलेला सरकारी कारकून नोकरीवर राहू शकेल. चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल. हाताविषयीचा हा न्याय मेंदूला लावून पाहावा. विचारांचा वेग मंदावलेला पुजारी आणि तसाच ट्रकचालक, दोघांचे गुण सारखे आले तरी चालकाचे जग संपलेले असू शकते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. अपघाती मेंदूइजा त्यांत स्वतंत्र नावाने नाही. जिला नावच नाही ती हानी दुसऱ्या कोणत्या तरी रकान्यात कोंबावी लागते, आणि तेथे ती कमी भरते.

साक्षीच्या प्रश्नाचे टोकाचे उदाहरण मुंबईत घडले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटून झालेली ती इजा होती. रस्त्यावरच्या माराहून तिची जात वेगळी, आणि सावरण्याची आशाही तेथे नव्हती. पण ‘हिला कितपत कळते?’ हा प्रश्न तोच होता. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी २८ जानेवारी २०११ रोजी त्यांना तपासले. बहुतेक निकष चिरकालीन जडावस्थेचे ठरले. तरीही आवडते अन्न मिळाले की चेहऱ्यावर उमटणारे हसू, नापसंतीचे आवाज, याही गोष्टी ७ मार्च २०११ च्या निकालात नोंदल्या गेल्या. आणि सदतीस वर्षे शुश्रूषा करणारे रुग्णालयाचे कर्मचारी हेच त्यांचे खरे निकटवर्तीय, असे न्यायालयाने मानले. या निकालातील कायद्याचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. आमच्या विषयापुरते महत्त्व इतके, की क्षणभराची तपासणी आणि वर्षानुवर्षांचा सहवास या दोन प्रकारच्या ज्ञानांना एकाच कागदावर जागा मिळाली.

ग्लासगोचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. १९७५ साली जेनेट आणि बाँड यांनी इजेनंतरच्या अवस्थेच्या पाच पायऱ्या सांगितल्या. १९९८ साली तिच्या विस्तारित रूपासाठी ठरावीक मुलाखत तयार झाली. ती कामावर परतलात का, बाहेर एकटे जाता का, घरच्यांशी खटके वाढले का, हे विचारते आणि प्रत्येक वेळी इजेपूर्वी काय होते तेही विचारते. हार्लोंनी ज्यांची साक्ष घेतली ते जुने सोबती अशा रीतीने पुन्हा खोलीत आले.

चौकसारख्या गावी ही मुलाखत कशी घ्यावी, याचा आराखडा अवघड नाही. ‘आज तारीख काय’ याच्या जोडीला ‘लावणी झाली का’ हेही असावे. बाजारहिशेब, एसटीचा प्रवास, नात्यांची गुंतागुंत, ऐकलेली गोष्ट तिच्याच बोलीत परत सांगणे, ही कसोट्यांची सामग्री व्हावी. नवऱ्याला, सुनेला, शेजाऱ्याला वेगळे बसवून ‘पूर्वी कसे होते?’ हे विचारले जावे, आणि ते उत्तर आकड्याइतक्याच गांभीर्याने लिहिले जावे. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभाग बोलींचे नमुने, लोककथा आणि म्हणी गोळा करत आले आहेत. त्यांतील थोडे साहित्य मानसशास्त्रज्ञाच्या टेबलापर्यंत पोहोचवणे, हे प्रबंधाचा एखादा विषय होण्याइतके मोठे काम आहे आणि ते सुरू करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.